'कॉन्व्हेंट'पासून दाखल-खारीजपर्यंत : मेळघाटातलं मिशन, त्याच्या शाळा अन् आजोबाच्या नावाची नोंद

धारणी : वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात विचारा, "पोरगं कुठं शिकते?" उत्तर येतं, "कॉन्व्हेंटले जाते." ती शाळा दोन खोल्यांची असते, संस्था गावातल्याच कोणाची तरी असते, अन् भिंतीवर सरस्वतीचा फोटो असतो. तरी नाव मात्र कॉन्व्हेंटच. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे. कॅथलिक पंथातल्या सिस्टर, म्हणजे संन्यास घेतलेल्या बायका, जिथं एकत्र राहतात त्या घराला कॉन्व्हेंट म्हणतात. त्या सिस्टरांनी शाळा काढल्या, त्या नावाजल्या, आणि पुढे इंग्रजी शाळेलाच लोक कॉन्व्हेंट म्हणू लागले.

हा शब्द आपल्याकडे पोहोचला तो मिशनच्या शाळांमुळे. मेळघाटच्या डोंगरातही मिशन आलं. त्याने किती लोकांचा धर्म बदलला यावर वाद होत राहतात. पण मिशनने मागे ठेवलेली एक गोष्ट आज धारणी-चिखलदऱ्यातल्या अनेक घरांच्या थेट कामाची आहे, मग ते घर ख्रिस्ती असो वा नसो. ती म्हणजे कागदावरची नोंद. हा इतिहास आणि त्याचा आजचा उपयोग, दोन्ही समजून घेऊ.

धर्मग्राम म्हणजे नेमकं काय?

कॅथलिक चर्चची रचना आपल्या महसूल खात्यासारखी पायरी-पायरीची आहे. सगळ्यात खाली असतो धर्मग्राम, इंग्रजीत पॅरिश. एक चर्च, त्याच्या भोवतालची गावं आणि तिथली ख्रिस्ती कुटुंबं मिळून एक धर्मग्राम होतो. त्याचा प्रमुख म्हणजे फादर. असे अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख असतो बिशप. मेळघाट अमरावती धर्मप्रांतात येतो, आणि हा धर्मप्रांत नागपूरच्या आर्चबिशपच्या विभागात मोडतो.

फादरची बदली बिशप करतो. फादर येतात-जातात, पण धर्मग्रामाच्या वह्या तिथंच राहतात. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची वेगवेगळी नोंदवही ठेवायची, असा चर्चचा नियम आहे. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदींची सक्ती तर युरोपातल्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्येच केली होती. १९८३ च्या चर्च कायद्यात जुन्या वह्या जपून ठेवायचंही बंधन आहे. ही वह्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाची आहे.

वऱ्हाडात चर्च आलं कसं?

वऱ्हाडात कॅथलिक आले ते आधी छावणीमागे आणि मग रेल्वेमागे. कामठी आणि परतवाडा इथं फौजेच्या छावण्या होत्या. तिथल्या शिपायांत, बँडवाल्यांत, कारकुनांत आणि नोकरचाकरांत दक्षिणेकडचे कॅथलिक होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. रेल्वेसोबत गार्ड, ड्रायव्हर, फोरमन आले, त्यांतही बरेच ख्रिस्ती होते. या लोकांसाठी फादर फिरू लागले.

हे फादर बहुतेक एकाच संघाचे होते. आजच्या फ्रान्समधल्या ॲनेसी इथं १८३८ साली पीटर मर्मिए या धर्मगुरूने सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ काढला. त्याच मर्मिए यांच्या पुढाकाराने त्याच भागातल्या शावानो गावी सिस्टरांचा संघही उभा राहिला. फादरांची पहिली तुकडी १८४६ च्या सुमारास विशाखापट्टणमला उतरली, आणि तिथून कामठी, नागपूर असं काम पसरलं. नागपूरची प्रसिद्ध एसएफएस शाळा १८७० ची आहे. नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला. शावानोच्या सिस्टर १८८६ मध्ये भारतात आल्या. अमरावतीकर ज्याला 'होली क्रॉस' म्हणतात ती शाळा याच सिस्टरांची. म्हणजे आज लेकराचा डबा भरून आपण ज्याला 'कॉन्व्हेंट' म्हणतो, त्या शब्दाची आपल्याकडची वाट डोंगराळ फ्रान्समधून विशाखापट्टणम, कामठी, अमरावती अशी आली.

डोंगरावर मिशन

चिखलदऱ्याचं पठार इंग्रजांच्या नजरेत १८२३ मध्ये आलं, कॅप्टन रॉबिन्सन याच्यामुळे. पुढे ते वऱ्हाडच्या साहेब लोकांचं उन्हाळी ठिकाण झालं. साहेब वर गेले तसे फादरही गेले. पण वर गेल्यावर त्यांना दिसले ते साहेबांपेक्षा कोरकू लोक जास्त.

चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरचं नाव आपल्याला ठाऊक आहे. मरियम म्हणजे येशूची आई मारिया. तिच्या नावाने वसलेली ही ब्रिटिश काळातली कॅथलिक मिशनची वस्ती. चर्च, शाळा, शेती आणि कोरकू ख्रिस्ती कुटुंबांची घरं अशी तिची जडणघडण. गावाचं नावच मिशनवरून पडावं असं मेळघाटात क्वचित घडलं.

त्या काळचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे दुष्काळ. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. जुनी माणसं त्याला 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत, कारण तो विक्रम संवत १९५६ चा. मेळघाटची लोकसंख्या १८९१ पेक्षा १९०१ च्या शिरगणतीत कमी भरली. मध्य भारतात आणि वऱ्हाडात मिशनांनी त्या काळात धान्य वाटलं, अनाथ लेकरं सांभाळली. त्या लेकरांसाठी आधी छप्पर, मग जेवण, मग पाटी-पेन्सिल. मिशनची वसतिगृहं अशी उभी राहिली. भुकेच्या काळात दिलेल्या या मदतीमागे धर्माचा हेतू होता का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा आणि आजही विचारला जातो. लेकरं वाचली हेही खरं, आणि त्यांतली अनेक आपल्या मुळापासून तुटली हेही खरं.

कोरकू भाषा कागदावर

मेळघाटात कॅथलिक मिशन एकटंच नव्हतं. प्रोटेस्टंट पंथाचं 'कुरकू अँड सेंट्रल इंडिया हिल मिशन'ही याच डोंगरात काम करत होतं. दोघांची चर्चेस वेगळी, नियम वेगळे. प्रोटेस्टंट पाद्री लग्न करतात, कॅथलिक फादर करत नाहीत. गावात मात्र दोघांनाही लोक 'मिशनवाले' म्हणत. जुने कागद शोधताना हा फरक महत्त्वाचा, कारण दोघांच्या वह्या वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

या प्रोटेस्टंट मिशनच्या जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचं व्याकरण लिहिलं. ते १९०३ मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं. सरकारच्या भाषा पाहणीचा मुंडा भाषांवरचा खंड त्यानंतर, १९०६ मध्ये आला. कॅथलिकांच्या बाजूने पुढे स्टीफन फुक्स या ऑस्ट्रियन फादरने कोरकू समाजाचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये निघाला.

कोरकू ही मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या संथाली-मुंडारीची बहीण. त्या कुळाची सगळ्यात पश्चिमेकडची भाषा आपल्या मेळघाटात बोलली जाते. 'कोर' म्हणजे माणूस, 'कू' लागलं की अनेकवचन, म्हणून कोरकू म्हणजे माणसं. पाण्याला 'डा', घराला 'उरा'. घरात 'डा' मागणारं लेकरू पहिलीत येतं आणि गुरुजी फळ्यावर लिहितात 'पाणी'. त्याला अक्षर कळत नाही असं आपण म्हणतो, पण खरं तर त्याला भाषाच कळलेली नसते.

मिशनच्या शाळांनीही हा प्रश्न पूर्ण सोडवला नाही. मिशनरी स्वतः कोरकू शिकले, पण शाळेत मुलांना शिकायची होती मराठी किंवा हिंदी, आणि पुढे इंग्रजी. कारण सरकारी अनुदान, परीक्षा आणि नोकरी त्याच भाषांत होती. मिशनरी शाळांना सरकारी अनुदान मिळण्याची वाट १८५४ च्या शिक्षण खलित्याने खुली केली होती, आणि अनुदान आलं की अभ्यासक्रमही सरकारचा आला. २०११ च्या जनगणनेत देशात ७ लाख २७ हजार लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली. राज्यघटनेचं कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यायला सांगतं, २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही तेच म्हणतं. म्हणजे ड्रेक यांच्या व्याकरणाला शंभरावर वर्षं झाली, तरी 'डा' आणि 'पाणी' यांच्यातलं अंतर गुरुजीलाच रोज कापावं लागतं.

१९५५ नंतर काय बदललं?

८ मे १९५५ रोजी नागपूरमधून अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला. पहिले बिशप जोसेफ रोझारियो. ते १९९५ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षं त्या पदावर होते. सुरुवातीला या धर्मप्रांतात मराठवाड्याचा भागही होता. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला.

दुसरा बदल भाषेचा. १९६२ ते १९६५ या काळात रोमला व्हॅटिकन धर्मसभा झाली. त्याआधी जगभर कॅथलिक मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी, लॅटिन भाषेत चालायचा. नंतर तो स्थानिक भाषेत आला, आपल्याकडे मराठीत. चर्चमधल्या जुन्या वह्यांत नावं लॅटिन किंवा इंग्रजी वळणाने लिहिलेली दिसतात, त्याचं कारण हेच.

तिसरा बदल सगळ्यात मोठा. स्वातंत्र्यानंतर सरकार स्वतः डोंगरात आलं. जिल्हा परिषदेच्या शाळा, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा, वसतिगृहं, धारणीचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. जे काम एकेकाळी मिशनचं समजलं जायचं, शिक्षण, दवाखाना, राहण्याची सोय, ते आता सरकारचं कर्तव्य झालं. आज मेळघाटातलं बहुसंख्य लेकरू सरकारी शाळेत आहे. मिशनची शाळा हा त्यातला एक पर्याय आहे.

मिशनच्या शाळेत नाव घालताना

पालकांना नेहमी पडणारे काही प्रश्न असे :

*ख्रिस्ती नसलो तर प्रवेश मिळतो का?* मिळतो. या शाळांत बिगर-ख्रिस्ती मुलं भरपूर असतात. शाळा सरकारी अनुदान घेत असेल, तर केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यावरून प्रवेश नाकारता येत नाही. घटनेचं कलम २९ (२) तसं सांगतं.

*लेकराला प्रार्थना किंवा बायबल सक्तीचं असतं का?* नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. हे कलम २८ (३). हा नियम सगळ्याच धर्मांच्या संस्थांना लागू आहे.

*आरटीईच्या २५ टक्क्यांत नंबर लागेल का?* अल्पसंख्याक संस्थांना कलम ३० खाली स्वतःच्या शाळा चालवायचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शाळांना आरटीई कायद्यातून वगळलं. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालावर शंका घेऊन तो मोठ्या खंडपीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. तेव्हा फॉर्म भरण्याआधी पोर्टलवर शाळेचं नाव आहे का ते बघा.

*फी झेपत नसेल तर?* अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी नामांकित इंग्रजी निवासी शाळांची सरकारी योजना आहे. त्यात खर्च सरकार करतं. त्याची चौकशी प्रकल्प कार्यालयात करा.

आता मुद्द्याची गोष्ट : आजोबाची नोंद

कोरकू पोरगं बारावी होतं, इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगला नंबर लागतो, आणि तिथं विचारतात, "व्हॅलिडिटी आणली का?" जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पण त्याची वैधता अमरावतीच्या अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडून घ्यावी लागते. समिती विचारते : तुमचं घराणं कोरकू आहे, याचा जुना पुरावा काय?

अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० ला लागू झाली. त्याआधीच्या कागदाला सगळ्यात जास्त वजन असतं, कारण तेव्हा कोणाला सवलतीसाठी जात लिहून घ्यायचं कारण नव्हतं. पण १९५० आधी मेळघाटात शिकलेली माणसं किती होती? जमिनीचा कागद किती जणांकडे होता? अशा वेळी आजोबा किंवा पणजोबा दोन वर्षं जरी शाळेत गेले असतील, मग ती शाळा बोर्डाची असो की मिशनची, तर तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये त्यांचं नाव, गाव, जन्मतारीख आणि जात सापडू शकते. घराण्यात कोणीच ख्रिस्ती नसलं, तरी आजोबा मिशनच्या शाळेत शिकलेले असू शकतात. म्हणून हा शोध सगळ्यांनीच घ्यावा.

मात्र यात तीन अडचणी येतात.

पहिली अडचण : जातीच्या रकान्यात 'कोरकू' ऐवजी नुसतं 'ख्रिश्चन' लिहिलेलं असणं. अशा नोंदीने घराणं आणि गाव सिद्ध होतं, जमात होत नाही. मग त्याच घराण्यातल्या दुसऱ्या रक्ताच्या नातेवाइकाची, काकाची किंवा चुलत आजोबाची 'कोरकू' अशी नोंद शोधून जोडावी लागते.

दुसरी अडचण : नावाचा फरक. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, घरचं नाव वेगळं, तलाठ्याकडे तिसरंच. एकच माणूस तीन नावांनी दिसतो. अशा वेळी वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र नीट करून तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं दाखवावं लागतं.

तिसरी अडचण : रजिस्टरच हाती न लागणं. समितीचं दक्षता पथक प्रत्यक्ष शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतं. नुसत्या झेरॉक्सने भागत नाही. वही वाळवीने खाल्ली, पावसात भिजली किंवा जागा बदलताना हरवली, तर खरी नोंदही सिद्ध करता येत नाही.

धर्म बदलला म्हणजे जमात गेली का?

गावात याबद्दल बराच गैरसमज आहे. अनुसूचित जातींसाठीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच ती सवलत मिळते. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. २००४ मध्ये चंद्रमोहनन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदिवासी माणसाने ख्रिस्ती धर्म घेतला म्हणून त्याची जमात आपोआप जात नाही. पण त्याचबरोबर हेही सांगितलं की ते कुटुंब जमातीच्या चालीरीती पाळतं का, समाज त्याला आपलं मानतो का, हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावर तपासायचं. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : चालीरीतींच्या प्रश्नोत्तरांची 'आप्तभाव चाचणी' ही एकमेव कसोटी नाही. म्हणजे जुन्या कागदाचं महत्त्व कमी झालं नाही, उलट वाढलं.

आजच करण्यासारखं

- घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ कोणत्या गावी, कोणत्या शाळेत गेले? मिशनच्या वसतिगृहात कोणी राहिलं होतं का? सांगतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.
- शोध वडिलांकडच्या घराण्यातून घ्या. वैधतेसाठी तीच नाती धरली जातात.
- शाळेत मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळा अनुदानित असेल तर माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करा.
- कुटुंब ख्रिस्ती असेल तर धर्मग्रामाच्या फादरकडे बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदीचा दाखला मागा. जुनं मिशन प्रोटेस्टंट होतं की कॅथलिक हे आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या दारात फेऱ्या होतील.
- नोंद सापडली की तिचा पान क्रमांक, अनुक्रमांक आणि रजिस्टरचं वर्ष लिहून घ्या. दक्षता पथक आलं तेव्हा मुख्याध्यापकांना ते पान लगेच काढता आलं पाहिजे.
- नोंदीत कोणाकडूनही खाडाखोड करून घेऊ नका. जुन्या वहीत नवी शाई दिसली की चांगलं प्रकरणही बाद होतं.
- आजच्या लेकराचं नाव पहिलीत घालतानाच जात, जमात, आडनाव आणि जन्मतारीख नीट लिहिली का ते स्वतः बघा. शाळा सोडल्यावर मुख्याध्यापकाला ती नोंद स्वतःच्या मनाने बदलता येत नाही.

शाळांनी आणि धर्मग्रामांनीही आपल्या जुन्या वह्या स्कॅन करून ठेवायला हव्यात. ग्रामसभेने तसा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला तर कामाला जोर येईल. धर्म, मिशन, इंग्रज यांच्याबद्दल कोणाचं काहीही मत असो, कपाटातल्या त्या पिवळ्या पानावर ज्या कोरकू पोराचं नाव लिहिलेलं आहे, त्याच्या नातवा-पणतवांचा त्यावर हक्क आहे. यंदाचा पावसाळा लागण्याआधी ते कपाट एकदा उघडून बघितलं पाहिजे.